रोग्याजवळ कोण उभे आहे?



बिलोली तालुक्यात मांजरेच्या काठच्या एका लहान गावी सप्ताह होता. पाचव्या दिवशीचे कीर्तन माझ्याकडे होते. देव सर्वव्यापी आहे, भक्ताच्या हाकेसरशी धावतो, त्याला अंतर नाही, वेळ नाही, असा त्या दिवशीचा विषय. आणि खरे सांगायचे तर आज आपण बरे बोललो, असे माझे मलाच वाटत होते. आरती झाली, मंडळी पांगू लागली. शेवटी ऐंशीच्या घरातली एक माय काठी टेकीत आली, पाया पडली आणि तिथेच बसली. म्हणाली, "म्हाराज, देव घरोघर हाय म्हंता. मग डाक्टर तेवढा नांदेडलाच कामून?"

लोक हसले. ती हसली नाही. मागाहून कळले ते असे, की गेल्या पावसाळ्यात तिच्या नातसुनेला दिवस भरण्याआधीच कळा लागल्या. रस्ता चिखलाचा, म्हणून ट्रॅक्टरमधून काढली. आधी एका दवाखान्यात, तिथून दुसऱ्या, तिथून नांदेडला. बिलोलीहून नांदेड सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. बाई वाचली, मूल गेले. मी त्या मायला नेहमीचे सांगितले, "माय, त्याची इच्छा." तिने मान डोलावली आणि काठी टेकीत निघून गेली. पण ती मान पटल्याची नव्हती, महाराजांचा मान राखण्याची होती, एवढे मला कळले. त्या रात्री मला झोप आली नाही. जे मी बोललो ते शास्त्राला धरून होते काय, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. आज तोच वाचकांपुढे ठेवतो.

"त्याची इच्छा" किंवा "प्रारब्ध" हे उत्तर आपल्या तोंडी फार लवकर येते. परंतु पाहा, एकाच जातीचा साप, तेवढेच विष. नांदेड शहरात चावला तर माणूस तासाभरात दवाखान्यात पोचतो आणि बहुधा वाचतो. मांजरेच्या काठी रात्री चावला तर मरतो. मग प्रारब्ध काय किलोमीटरवर मोजायचे? डांबरी रस्त्यालगतच्यांचे हलके आणि चिखलाच्या वाटेवरच्यांचे जड, असे काही कर्माचे खाते असते काय? कोणत्याही शास्त्रात असे लिहिलेले नाही. उलट चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आत्रेयांना हेच विचारतो, की आयुष्य ठरलेले असते की नसते? आत्रेय म्हणतात, दैव आणि पुरुषकार, म्हणजे मागचे कर्म आणि आताचा प्रयत्न, या दोहोंवर ते उभे असते. सर्वच ठरलेले असते, तर औषधाला, पथ्याला, सावधपणाला काही अर्थच उरला नसता. त्याच अध्यायात ते आणखी एक गोष्ट सांगतात. ज्या दुःखात सबंध मुलूख सापडतो, त्याचे मूळ एकेकट्याच्या कर्मात शोधू नये. देशाचे, नगराचे जे प्रमुख ते धर्माला सोडून वागू लागले आणि त्यांच्यामागून लोकही तसेच वागू लागले, म्हणजे असे दुःख येते. आमच्या पाठशाळेत हा अध्याय मी मुखोद्गत केला होता. त्या मायपुढे तो मला आठवला नाही. पाठांतराचे असे असते, बरे का; वेळेला उपयोगी पडले तर ते ज्ञान, नाहीतर नुसते ओझे.

तेव्हा देवावर टाकून सुटता येत नाही. मग दोष कोणाचा? गावात विचाराल तर दोन नावे तयार असतात, सरकार आणि डॉक्टर. दोन्हींत तथ्य आहे, म्हणून दोन्ही नीट पाहू.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यानंतरच्या काळात, मी पाच-सहा वर्षांचा असताना, देवीची लस टोचणारा माणूस आला की आम्ही पोरे ज्वारीच्या कणग्यांमागे दडत असू. तो घरोघर हिंडे, आया पदराआड मुले लपवीत, तरी तो टोचूनच जाई. त्या हिंडण्यानेच १९७५ नंतर भारतातून देवी नाहीशी झाली. खेड्यात दवाखाना असावा ही योजनाही जुनी आहे. १९४६ साली भोर समितीने ती मांडली, १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. आज हिशेब असा, की सपाट मुलखात पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. कागदावर साखळी पूर्ण आहे. परंतु साखळीची परीक्षा तिच्या अशक्त कडीवर होते. इमारत आहे पण माणूस नाही, माणूस आहे पण औषध नाही, दोन्ही आहेत पण रात्री कुलूप, असे कोठे ना कोठे होते. आणि ज्याचे त्या रात्री अडते त्याला पूर्ण साखळीचा काय उपयोग?

मग सगळ्यांची वाट एकाच दाराशी जाते. २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. साऱ्या देशात त्याची बातमी झाली. औषधे किती होती, माणसे किती होती, यावर खूप बोलले गेले आणि ते बोललेच पाहिजे होते. पण मला राहून राहून वाटे, ही बारा बाळे निघाली कुठल्या गावांतून? वाटेत किती दारे लागली, आणि किती दारांनी त्यांना पुढे ढकलले? शेवटचे दार जेथे होते तेथे मृत्यूची नोंद झाली; उशीर मात्र त्याआधीच्या प्रत्येक दारात थोडा थोडा झालेला असतो, त्याची नोंद कोठेच होत नाही. आमच्या भागातली कित्येक माणसे तर नांदेडचे नावच काढीत नाहीत. येसगीचा पूल ओलांडतात आणि तेलंगणात बोधनला, निजामाबादला जातात. माणसाला तहान लागली की तो राज्याची सीमा विचारीत नाही.

आता डॉक्टर. आमच्या लातूर-नांदेडात गंमत अशी, की महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून हजारो मुले डॉक्टर होण्यासाठी शिकायला येथे येतात; 'लातूर पॅटर्न' हे नाव सर्वांना ठाऊक आहे. शेत गहाण टाकून बाप पोराला शिकवितो. पोरगा डॉक्टर होतो आणि शहरात राहतो. गावाच्या वाट्याला फक्त पेढे येतात. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्याने एक वर्ष शासकीय सेवा करावी असे बंधन आहे. यावर विचारतात, महाराज, जबरदस्तीने करविलेली ती सेवा कसली? मला हा आक्षेप मान्य नाही. आम्हालाही लहानपणी पाठशाळेत बांधल्यासारखेच बसविले होते. गोडी मागून लागली. नित्यकर्म आधी विधी म्हणून करावयाचे असते, प्रेम त्यातूनच उगवते. परंतु एवढे खरे, की विधी माणसाला दारापर्यंत आणतो, ठेवून घेत नाही. ठेवून घ्यायला दुसरे काही लागते.

राहणारे राहिलेही आहेत. डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातल्या खेड्यातले. कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी नोकरी धरली. तिथे विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे डोळ्यांदेखत मरत. त्यांनी रोग्यांच्या उशाशी रात्री काढल्या, काय घडते ते नोंदवून ठेवले, आणि प्राझोसिन नावाचे रक्तदाबावरचे साधे औषध या विषावर कसे लागू पडते ते जगाला दाखविले. पूर्वी शंभरातले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एक-दोनावर आले. मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला हे सुचले नाही, कारण विंचू तिथे नव्हता. जवळ राहिल्याने जे ज्ञान होते ते दुरून होत नाही, याला यापरता दाखला कोणता?

पण प्रत्येकाने बावस्कर व्हावे असे म्हणणे म्हणजे प्रत्येक प्रपंचिकाने संन्यास घ्यावा असे म्हणण्यासारखे आहे. अडलेल्या बाईचे पोट चिरून मूल काढायचे तर शस्त्रक्रिया करणारा लागतो, भूल देणारा लागतो, रक्त लागते. एकट्या डॉक्टरला खेड्यात उभे करून "वाचव" म्हणणे, आणि नाही वाचले की त्याच्या अंगावर धावून जाणे, हा न्याय नव्हे. महाराष्ट्राला २०१० साली डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा करावा लागला, ही आपल्याला भूषणाची गोष्ट नाही.

म्हणून मला पुन्हा चरकाकडे जावेसे वाटते. सूत्रस्थानात त्याने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य म्हणजे औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि चौथा स्वतः रोगी. चौघांचेही चार-चार गुण सांगितले आहेत. वैद्य त्यांत मुख्य खरा, परंतु बाकीचे तीन नसतील तर तो लंगडाच. आपली सगळी चर्चा पहिल्या दोहोंवर होते, डॉक्टर नाही, औषध नाही. तिसऱ्याचे नाव कोणी घेत नाही. 'उप' म्हणजे जवळ आणि 'स्था' म्हणजे उभे राहणे; रोग्याच्या जवळ उभा राहतो तो उपस्थाता. त्याचे गुण कोणते? शुश्रूषेचे ज्ञान, हातात कसब, रोग्याविषयी जिव्हाळा, आणि स्वच्छता. यांत कोठेही कुळ सांगितलेले नाही, मोठी पदवी सांगितलेली नाही. विटेवर उभे राहून पुंडलिकाची आईबापांची सेवा संपण्याची वाट पाहणारा देव आपण रोज पाहतो; आईबापांच्या पायाशी बसलेला तो पुंडलिक उपस्थाताच होता, हे मात्र आपल्या ध्यानी राहत नाही.

या तिसऱ्या पादाने काय होते ते महाराष्ट्रानेच जगाला दाखविले. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य दुष्काळी जामखेडला आले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहावयास तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावच्याच बाया निवडल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित, कोणी विधवा, कोणी टाकलेली. आठवड्यातून एकदा जामखेडला यायचे, शिकायचे, परत जाऊन गावाला शिकवायचे. पाण्याचे हातपंप त्यांनी दलित वस्तीत बसविले, म्हणजे ज्याला पाणी हवे त्याला तिथे यावेच लागे. १९७१ साली तिथे जन्मलेल्या हजारांतली १७६ बाळे वर्षाच्या आत जात. नव्वदच्या दशकात हा आकडा पंचविशीच्या आसपास आला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळ कसे तपासावे, ऊब कशी द्यावी, बाळाचा श्वास घड्याळ लावून कसा मोजावा, जंतुदोषावर इंजेक्शन केव्हा द्यावे, हे शिकविले. तिथल्या नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ते विलायतेतल्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २००५ साली देशाने जी आशा योजना सुरू केली, तीत हीच वाट आहे: हजार वस्तीला एक बाई, त्याच गावची, त्याच गावात राहणारी. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा ती बाळंतिणीच्या घरी जाते, बाळाचे वजन करते, अंग तापले का पाहते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांहून अधिक आशाताईंचा गौरव केला.

हे सांगताना मला एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ती माझ्या लाजेची आहे. वीसएक वर्षे झाली. गावाचे नाव सांगत नाही. तिथे सप्ताहाला मी दरसाल जाई आणि एका भाविक गृहस्थांकडे उतरे. घर मोठे, पुढे दोन खोल्या, त्यांतली एक माझी. त्या वर्षी उपकेंद्रावर नवीन नर्सबाई आल्या होत्या. सरकारी खोली गळकी, नळ नाही, दाराला कडी नाही. लहान मुलाला घेऊन त्या राहायला जागा शोधीत या गृहस्थांच्या दारी आल्या. मी ओसरीवर माळ ओढीत बसलो होतो. यजमानांनी नाव विचारले, आडनाव विचारले, गाव विचारले. मग म्हणाले, "ती खोली महाराजांसाठी ठेवलेली असते, बाई." मी वर्षातून सात दिवस तिथे राही, उरलेले दिवस खोलीला कुलूप असे. आडनाव ऐकल्यावर खोली नाही म्हटली, हे मला कळले. बाईंनाही कळले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का. हा माणूस काही बोलेल असे त्यांना वाटले असावे. मी मान खाली घातली आणि माळ पुढे ओढली.

बाईंनी तालुक्याला खोली घेतली. सकाळच्या एस.टी.ने यायचे, संध्याकाळच्या एस.टी.ने जायचे. श्रावणात एका सालगड्याच्या पोराला रात्री साप चावला. गावात शहाणपण सांगणारे कोणी नव्हते. मांत्रिकाकडे नेला, लिंबाचा पाला झाला, मंत्र झाले. पहाटे गाडी मिळाली तेव्हा पोरगा संपला होता. बाई गावात असत्या तर तो वाचलाच असता, असे मी म्हणत नाही. पण "पाला टाका, गाडी बोलवा" एवढे म्हणणारे एक माणूस त्या रात्री गावात असते. पुढच्या वर्षी सप्ताहात लोक मला सांगत होते, "महाराज, शिष्टर गावात राहत नाही, फुकट पगार खाते." आणि मी, वाचकहो, त्यालाही मान डोलावली.

उपस्थाता नव्हता असे नाही. तो दाराशी आला होता. आपण त्याला घरात घेतले नाही. एकनाथांनी रामेश्वराच्या कावडीतले पाणी तहानलेल्या गाढवाला पाजले, ही कथा मी शेकडो वेळा सांगितली असेल. त्या दुपारी पाणी दाराशी येऊनही मी ओतू दिले नाही. या पापाला प्रायश्चित्त काय, ते मला माहीत नाही. निदान ते झाकू नये, म्हणून लिहितो.

कोणी म्हणतील, महाराज, तुम्ही सगळे गावावर टाकता आणि सरकारला मोकळे सोडता. तसे नाही. पदे भरणे, औषध पोचविणे, रस्ता करणे हे राज्याचे काम आहे, आणि ते मागणे हा भीक मागण्याचा प्रकार नव्हे, हक्काचा आहे. आणि एक कपट आपण सर्वांनी मिळून चालविले आहे, तेही थांबले पाहिजे. आशाताईला आपण 'सेवाव्रती' म्हणतो आणि त्या शब्दाच्या आड तिची मजुरी तुटपुंजी ठेवतो. २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशाताई संपावर गेल्या, तेव्हा "सेवेला मोल मागतात" असे म्हणणारे मी ऐकले. पुढे २०२४ मध्ये शासनाने मानधन वाढविले, ते ठीक झाले. पण म्हणणाऱ्यांना मी विचारतो, आम्ही कीर्तनकार बिदागी घेतो की नाही? पाकीट हलके लागले तर मनात येते की नाही? दोन तास नामाचा महिमा सांगणाऱ्याला मोल चालते, आणि रात्री दोन वाजता बाळंतिणीबरोबर गाडीत बसणारीला चालत नाही, हा कोणता धर्म? सेवा म्हणून केलेल्या कामाचे मोल चुकते करावे लागत नाही, असे कोठेही सांगितलेले नाही. मोल देणाऱ्याने द्यावे. ते घेऊनही सेवा सेवाच राहते.

राहिला चौथा पाद, रोगी. त्याचे गुण चरक सांगतो: झाले ते आठवून सांगणे, वैद्याचे ऐकणे, न भिणे, आणि दुखणे न लपविता बोलणे. खेडे हाही एक रोगीच समजा. त्याने आपले दुखणे लपवू नये. आमच्या गावात नर्सला खोली मिळत नाही, आशाताईला अमुक आळीत पाणी देत नाहीत, साप चावला की आम्ही आधी मांत्रिकाकडे जातो, हे बोलून दाखविणे हीच बरे होण्याची सुरुवात आहे. आणि कीर्तनाच्या पाटावरून ते बोलणे आम्हा लोकांचे काम आहे. पाच हजार माणसे ज्याचे ऐकतात त्याने "सर्पदंशाला मंत्र नाही, दवाखाना आहे" हे एक वाक्य दर कीर्तनात म्हटले, तर त्यात नामाचा काही अवमान होत नाही.

मी स्वतःपुरता एक नेम केला आहे. सप्ताहाचे निमंत्रण घेऊन मंडळी आली, की तारीख देण्याआधी मी दोन गोष्टी विचारतो. तुमच्या गावची नर्सबाई कोठे राहते? आशाताई कोणत्या आळीची, आणि काल्याच्या पंगतीत ती कोठे बसते? काही मंडळी नाराज होतात, काही दुसरा महाराज पाहतात. तीन गावांनी मात्र सप्ताहाच्या शिल्लक पैशातून उपकेंद्राची खोली शाकारली, दाराला कडी बसविली, पाण्याची टाकी ठेवली. एका गावात महाराजांच्या म्हणून ठेवलेल्या खोलीत आज नर्सबाई राहते. मी तिथे जातो तेव्हा देवळात निजतो, आणि फार चांगली झोप लागते.

त्या मायचा प्रश्न अजून पुरा सुटलेला नाही. ती भेटली तर तिला एवढेच सांगेन, "माय, डाक्टर नांदेडलाच कामून, त्याचे अर्धे उत्तर मुंबईत आहे, ते आपण मागत राहू. उरलेले अर्धे तुझ्या-माझ्या ओसरीवर आहे." नातसुनेचे मूल परत येणार नाही. पण पुढच्या पावसाळ्यात त्या गावात कोणाच्या तरी कळा सुरू होतील. तेव्हा तिच्याजवळ कोण उभे असेल, हे आज ठरवावयाचे आहे.